गळ्यातील गाठ आणि शस्त्रक्रियेची मर्यादा

मानवी गळ्याच्या पुढील भागात, स्वरयंत्राच्या किंचित खाली, श्वासनलिकेला बिलगून एक लहानशी ग्रंथी असते. तिला अवटू ग्रंथी म्हणतात. थायरॉइड या नावाने ती आता सर्वसामान्य वाचकालाही परिचित झाली आहे. पंख पसरलेल्या फुलपाखरासारखा तिचा आकार असून प्रौढ व्यक्तीत तिचे वजन साधारणतः २० ते २५ ग्रॅम भरते. रक्तातील आयोडीन शोषून घेऊन ती थायरॉक्सिन नावाचे द्रव्य तयार करते. शरीरातील चयापचयाचा वेग, हृदयाची गती, शरीराची ऊब आणि बालकांची शारीरिक व बौद्धिक वाढ या साऱ्या गोष्टी या द्रव्यावर अवलंबून असतात.

या ग्रंथीत गाठ निर्माण होणे ही विरळा घटना नव्हे. ज्या प्रदेशांत आहारातून पुरेसे आयोडीन मिळते, तेथेही सुमारे ५ टक्के स्त्रियांत आणि १ टक्का पुरुषांत हाताने चाचपून कळेल अशी गाठ आढळते. सोनोग्राफीने पाहिल्यास हे प्रमाण कितीतरी पटींनी वाढते. यांतील बहुसंख्य गाठी निरुपद्रवी असतात. तपासणीस आलेल्या १०० गाठींपैकी साधारणतः ७ ते १५ गाठींतच कर्करोग असतो. म्हणून वैद्यापुढे तीन प्रश्न उभे राहतात. कोणती गाठ कापावी? कापायची तर किती कापावी? आणि कापल्यानंतर रुग्णाचे उरलेले आयुष्य कसे जाईल? गेल्या दीडशे वर्षांत या प्रश्नांची उत्तरे अनेकदा बदलली. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा पुढे वर्षानुवर्षे मागोवा घेतला गेला, हेच त्या बदलांचे मुख्य कारण होय.

बर्न येथील धडा

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या ग्रंथीवरील शस्त्रक्रिया म्हणजे जवळजवळ मृत्यूलाच आमंत्रण मानले जाई. ग्रंथीला रक्ताचा पुरवठा विपुल असल्याने रक्तस्राव आवरत नसे, आणि त्यातून वाचलेला रुग्ण जखम चिघळून दगावत असे. स्वित्झर्लंडच्या पर्वतीय भागात आयोडीनच्या अभावामुळे गलगंडाचे रुग्ण फार होते. बर्न येथे १८७२ मध्ये शल्यचिकित्सेचे प्राध्यापक झालेल्या थिओडोर कोखर यांनी जंतुनाशक पद्धती काटेकोरपणे पाळून, एकेक रक्तवाहिनी बांधत, सावकाश शस्त्रक्रिया करण्याचे तंत्र विकसित केले. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांच्या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण १ टक्क्याच्याही खाली आले होते.

परंतु या यशाला एक काळी बाजू होती. जिनिव्हा येथील झाक-लुई रेव्हेर्दँ यांनी १८८२ मध्ये असे निदर्शनास आणले की, संपूर्ण ग्रंथी काढून टाकलेले काही रुग्ण पुढे सुस्त व फिकट होतात, त्यांचा चेहरा सुजतो आणि बुद्धी मंदावते. कोखर यांनी आपल्या जुन्या रुग्णांना परत बोलावून तपासले. संपूर्ण ग्रंथी गमावलेल्यांपैकी बहुतेकांची अवस्था तशीच झालेली होती; लहान वयात शस्त्रक्रिया झालेल्यांची वाढही खुंटली होती. ही हकिकत त्यांनी १८८३ मध्ये स्वतःच आपल्या व्यवसायबंधूंपुढे मांडली आणि निरुपद्रवी रोगासाठी संपूर्ण ग्रंथी काढणे सोडून दिले. ग्रंथीच्या कार्यावरील या साऱ्या संशोधनासाठी त्यांना १९०९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

यानंतर उपाय सापडण्यास फार काळ लागला नाही. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे जॉर्ज मरे यांनी १८९१ मध्ये मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून अशा एका रुग्णाला बरे केले. एडवर्ड केंडल यांनी १९१४ मध्ये थायरॉक्सिन शुद्ध स्वरूपात वेगळे केले, आणि १९२७ मध्ये हॅरिंग्टन व बार्जर यांनी ते प्रयोगशाळेत तयार केले. आज रोज सकाळी उपाशीपोटी घेतलेली एक लहानशी गोळी ग्रंथीची उणीव भरून काढते. मात्र ही गोळी आयुष्यभर घ्यावी लागते, आणि तिची मात्रा रक्ततपासणीवरून वेळोवेळी ठरवावी लागते.

एका नावाखालील अनेक रोग

अवटू ग्रंथीचा कर्करोग हा एकच रोग नव्हे. त्याचे चार मुख्य प्रकार मानले जातात. सर्वांत अधिक आढळणारा पॅपिलरी प्रकार एकूण रुग्णांपैकी सुमारे ८० टक्क्यांहून अधिक जणांत असतो. तो संथ गतीने वाढतो आणि मानेतील लसीका ग्रंथींत पसरला तरी बहुधा आटोक्यात येतो. दुसरा फॉलिक्युलर प्रकार रक्तावाटे हाडांत व फुप्फुसांत पोहोचू शकतो. तिसरा, मेड्युलरी प्रकार, ग्रंथीतील निराळ्याच पेशींपासून उद्भवतो. त्या पेशी कॅल्सिटोनिन हे द्रव्य स्रवतात व रक्तातील त्याच्या प्रमाणावरून रोगाचा माग काढता येतो. चौथा अ‍ॅनाप्लास्टिक प्रकार विरळा, पण अत्यंत घातक आहे. तो बहुधा उतारवयात होतो आणि काही आठवड्यांतच गळा व्यापून टाकतो.

रोगाच्या कारणांविषयी दोन गोष्टी विशेष स्पष्ट झाल्या आहेत. पहिली किरणोत्सर्गाची. एप्रिल १९८६ मध्ये चेर्नोबिल येथील अणुभट्टीच्या अपघातानंतर किरणोत्सर्गी आयोडीन गवतावर पडले, गाईंच्या दुधात उतरले आणि ते दूध पिणाऱ्या बालकांच्या ग्रंथींत साठले. काही वर्षांतच बेलारूस, युक्रेन व रशियाच्या लगतच्या भागात मुलांमध्ये या कर्करोगाचे प्रमाण एकाएकी वाढल्याचे दिसले. दुसरी गोष्ट आनुवंशिकतेची. मेड्युलरी कर्करोगाच्या सुमारे चौथा हिस्सा रुग्णांत तो वंशपरंपरेने येतो, आणि त्यास ‘रेट’ नावाच्या जनुकातील दोष कारणीभूत असतो, हे १९९३ मध्ये सिद्ध झाले. अशा कुटुंबातील ज्या मुलात हा दोष आढळतो, त्याची ग्रंथी रोग उद्भवण्यापूर्वीच काढता येते; ज्याच्यात तो आढळत नाही, त्याची आयुष्यभराची धास्ती एका रक्ततपासणीने मिटते.

सुईच्या टोकावरील निदान

पूर्वी गाठीचे स्वरूप कळण्यासाठी ती कापून काढण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता. परिणामी निरुपद्रवी गाठीसाठीही असंख्य रुग्णांना शस्त्रक्रियेस सामोरे जावे लागे. न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयात मार्टिन आणि एलिस यांनी १९३० मध्ये निरनिराळ्या गाठींतून सुईने पेशी शोषून घेऊन तपासण्याची पद्धत वर्णिली. परंतु अवटू ग्रंथीच्या बाबतीत तिला खरी प्रतिष्ठा लाभली ती स्वीडनमध्ये. स्टॉकहोम येथील आइनहॉर्न व फ्रांझेन यांनी १९६२ मध्ये अतिशय बारीक सुईने केलेल्या तपासण्यांचा अनुभव प्रसिद्ध केला. ही सुई इंजेक्शनच्या सुईइतकीच असते. तिच्यासाठी भूल द्यावी लागत नाही, आणि तपासणी होताच रुग्ण घरी जाऊ शकतो.

सुईने मिळालेल्या पेशी काचपट्टीवर पसरून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पॅपिलरी कर्करोगाच्या पेशींची केंद्रके मोठी, फिकट व खाचा पडलेली दिसतात, त्यामुळे त्याची ओळख पटविणे तुलनेने सोपे जाते. फॉलिक्युलर कर्करोगाचे मात्र तसे नाही. तेथे निरुपद्रवी गाठीच्या व कर्करोगाच्या पेशी सारख्याच दिसतात. गाठीने आपले वेष्टन भेदले आहे काय, किंवा ती रक्तवाहिन्यांत शिरली आहे काय, यावरच भेद अवलंबून असतो, आणि ते समजण्यासाठी संपूर्ण गाठ हाती यावी लागते. सुईच्या तपासणीची ही मर्यादा कौशल्याने दूर होण्यासारखी नाही.

आणखी एक अडचण भाषेची होती. एकच दृश्य पाहून एक विकृतिशास्त्रज्ञ ‘संशयास्पद’ असे लिही, तर दुसरा ‘अनिश्चित’. शल्यचिकित्सकाने त्यातून काय अर्थ घ्यावा? अमेरिकेतील बेथेस्डा येथे २००७ मध्ये भरलेल्या परिषदेतून अहवालाचे सहा वर्ग ठरविण्यात आले. अपुरा नमुना, निरुपद्रवी गाठ, अर्थ निश्चित न होणाऱ्या पेशी, फॉलिक्युलर स्वरूपाची गाठ, कर्करोगाचा दाट संशय आणि कर्करोग असे ते सहा वर्ग होत. प्रत्येक वर्गासोबत कर्करोगाची संभाव्यता व पुढील उपाय जोडलेला आहे. दुसऱ्या वर्गात ही संभाव्यता अगदी थोडी, तर सहाव्या वर्गात सुमारे ९७ टक्के असते. नमुना पुरेसा केव्हा म्हणावा याचेही माप आहे: प्रत्येकी किमान दहा पेशी असलेले सहा समूह दिसले पाहिजेत. अनिश्चित वर्गांतील गाठींसाठी अलीकडे पेशींतील जनुकीय बदलांची तपासणीही करतात. पण ती महाग असल्याने सर्वत्र परवडत नाही.

सुई कोणत्या गाठीत घालावी हे सोनोग्राफी सांगते. गाठ घन असणे, आसपासच्या भागापेक्षा काळसर दिसणे, रुंदीपेक्षा उंच असणे, तिच्या कडा वेड्यावाकड्या असणे आणि तिच्यात चुन्याचे बारीक कण असणे ही संशयाची लक्षणे होत. प्रत्येक लक्षणाला गुण देऊन त्यांची बेरीज करण्याच्या पद्धती आता रूढ झाल्या आहेत. ज्या गाठीचे गुण कमी, ती मोठी असली तरी तिच्यावर नुसती नजर ठेवली जाते.

दिसणारा रोग आणि बाधणारा रोग

निदानाची साधने सूक्ष्म झाली, तशी एक अनपेक्षित समस्या निर्माण झाली. फिनलंडमध्ये १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अन्य कारणांनी मरण पावलेल्या १०१ व्यक्तींच्या ग्रंथी बारकाईने तपासण्यात आल्या. त्यांतील ३६ जणांच्या ग्रंथीत पॅपिलरी कर्करोगाचे लहान ठिपके सापडले. हयातीत त्याचा त्यांना कोणताही त्रास झालेला नव्हता. याचा अर्थ असा की, शोधत राहिल्यास असा ‘कर्करोग’ निरोगी माणसांतही मुबलक सापडणार.

दक्षिण कोरियात हे मोठ्या प्रमाणावर घडले. तेथे १९९९ मध्ये काही कर्करोगांच्या चाळणी-तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. अवटू ग्रंथीची सोनोग्राफी त्यात समाविष्ट नव्हती. तथापि थोड्या जादा पैशांत ती करून मिळू लागली. २०११ मध्ये या कर्करोगाच्या निदानांचे प्रमाण १९९३ च्या तुलनेने १५ पट झाले. त्या एका वर्षात ४० हजारांहून अधिक जणांना कर्करोग असल्याचे सांगण्यात आले. मृत्यूंचे प्रमाण मात्र होते तेवढेच राहिले. लवकर निदान झाल्याने प्राण वाचत असते, तर मृत्यू घटावयास हवे होते. ज्यांना निदान सांगितले गेले त्यांतील जवळजवळ सर्वांवर शस्त्रक्रिया झाली. त्यांपैकी १५ हजारांहून अधिक रुग्णांच्या विम्याच्या कागदपत्रांवरून असे दिसले की, ११ टक्के रुग्णांत परावटू ग्रंथींचे कार्य बिघडले आणि २ टक्के रुग्णांचा स्वररज्जू लुळा पडला. ही माहिती २०१४ मध्ये प्रकाशात आल्यावर एका वर्षात अशा शस्त्रक्रिया सुमारे एक-तृतीयांशाने घटल्या.

जपानमधील कोबे येथे याच प्रश्नाला निराळ्या मार्गाने उत्तर शोधले गेले. तेथील कुमा रुग्णालयात अकिरा मियाउची यांच्या सूचनेवरून १९९३ पासून १ सेंटिमीटरपर्यंतच्या कमी धोक्याच्या पॅपिलरी कर्करोगावर शस्त्रक्रिया न करता नियमित सोनोग्राफीने लक्ष ठेवण्यास आरंभ झाला. २०१४ मध्ये १,२३५ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध झाला. दहा वर्षांत सुमारे ८ टक्के रुग्णांची गाठ ३ मिलिमीटर वा अधिक वाढली, आणि ३.८ टक्के रुग्णांच्या लसीका ग्रंथींत रोग दिसला. अशा रुग्णांवर नंतर शस्त्रक्रिया करण्यात आली. या कर्करोगाने एकही रुग्ण दगावला नाही. वृद्धांत गाठ वाढण्याचे प्रमाण तरुणांपेक्षा कमी होते, हाही एक उपयुक्त निष्कर्ष होय.

नावालाही परिणाम असतो. वेष्टनाच्या आत राहणारी, बाहेर न पसरणारी पॅपिलरी वळणाची एक गाठ दीर्घकाळ कर्करोगात गणली जात असे. अनेक देशांतील विकृतिशास्त्रज्ञांनी अशा १०९ रुग्णांचा किमान दहा वर्षांचा इतिहास तपासला. एकाही रुग्णात रोग उलटला नव्हता. त्यानुसार २०१६ मध्ये या गाठीच्या नावातून ‘कर्करोग’ हा शब्द वगळण्यात आला. पेशी बदलल्या नव्हत्या, पण रुग्णाच्या मनावरील ओझे व अनावश्यक उपचार यांतून सुटका झाली.

शल्यचिकित्सकाच्या हाताखालील दोन नाजूक वस्तू

शस्त्रक्रिया आवश्यक ठरली, म्हणजे दोन अवयवांची काळजी सर्वाधिक घ्यावी लागते. पहिली म्हणजे स्वरयंत्राची तंत्रिका. ही मज्जातंतूची शाखा मानेतून छातीत उतरते, तेथील मोठ्या रक्तवाहिनीला वळसा घालते आणि पुन्हा वर येऊन ग्रंथीच्या मागून स्वरयंत्रात शिरते. एका बाजूची तंत्रिका दुखावल्यास आवाज घोगरा होतो. दोन्ही बाजूंच्या दुखावल्यास श्वास कोंडून प्राणावर बेतते. एके काळी तिच्याजवळ न जाणेच सुरक्षित समजत. बॉस्टनच्या फ्रँक लाहे यांनी १९३८ मध्ये हजारो शस्त्रक्रियांच्या आधारे याच्या उलट मत मांडले: ती प्रत्येक वेळी शोधून डोळ्यांनी पाहावी, म्हणजे ती सुरक्षित राहते. आज तिला सौम्य विद्युत्प्रवाहाने चाळवून स्वररज्जू हालतो की नाही हे शस्त्रक्रिया चालू असतानाच पाहण्याची सोय झाली आहे. एका बाजूकडून प्रतिसाद मिळेनासा झाल्यास दुसऱ्या बाजूची शस्त्रक्रिया पुढे ढकलता येते.

दुसरी वस्तू म्हणजे परावटू ग्रंथी. त्या बहुधा चार असतात, आणि प्रत्येकीचे वजन ३० ते ४० मिलिग्रॅमच असते. त्यांचा शोध प्रथम लागला तो एका भारतीय गेंड्याच्या शरीरात. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील या गेंड्याच्या मृत्यूनंतर रिचर्ड ओवेन यांनी त्याचे विच्छेदन केले, तेव्हा त्यांना ही ग्रंथी दिसली. मानवातील या ग्रंथींचे वर्णन स्वीडनमधील उप्साला येथे ईवार सँडस्ट्रॉम यांनी १८८० मध्ये केले. त्या रक्तातील कॅल्शियमचे प्रमाण राखतात. रंगाने व आकाराने त्या चरबीच्या कणासारख्या दिसत असल्याने नजरचुकीने निघून जातात, किंवा त्यांचा रक्तपुरवठा तुटतो. विशिष्ट अवरक्त प्रकाशात या ग्रंथी आपोआप मंद चकाकतात असे अमेरिकेतील संशोधकांना आढळले, आणि या गुणावर आधारलेल्या उपकरणांना तेथे २०१८ मध्ये मान्यता मिळाली.

शस्त्रक्रियेनंतरचे दिवस

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले २४ तास, आणि त्यातही पहिले काही तास, फार जपण्याचे असतात. जखमेच्या आत रक्त साचल्यास श्वासमार्ग दबतो. मान फुगणे, अस्वस्थता, आवाज बदलणे, श्वास घेताना घरघर होणे ही त्याची चिन्हे होत. अशा वेळी शस्त्रक्रियागृहाकडे धाव घेण्यापूर्वी रुग्णाच्या खाटेवरच टाके उघडून रक्त मोकळे करावे लागते. त्यामुळे पाळीवरील परिचारिकेस ही चिन्हे ओळखता येणे आणि आवश्यक साधने खाटेजवळ असणे यांवर प्राण अवलंबून असतात.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ओठांभोवती व बोटांच्या टोकांना मुंग्या येऊ लागल्या, तर कॅल्शियम उतरल्याचे समजावे. वेळीच कॅल्शियम व ड जीवनसत्त्व दिल्यास स्नायूंचे पेटके टळतात. ही तक्रार बहुधा काही आठवड्यांत थांबते. थोड्या रुग्णांत मात्र ती कायमची राहते. शस्त्रक्रियेच्या आधी व नंतर स्वररज्जूंची तपासणी, घोगऱ्या आवाजासाठी वाचोपचार, आणि थायरॉक्सिनच्या मात्रेची जुळवाजुळव हेही निगेचेच भाग होत.

करणाऱ्याचा अनुभवही महत्त्वाचा ठरतो. अमेरिकेतील सुमारे १७ हजार रुग्णांच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, वर्षाला २५ हून अधिक संपूर्ण ग्रंथीच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या शल्यचिकित्सकांच्या रुग्णांत गुंतागुंती कमी होतात.

‘कमी’ उपचाराची कसोटी

ग्रंथीच्या पेशी आयोडीन शोषतात, या गुणाचा उपयोग करून किरणोत्सर्गी आयोडीन-१३१ ने उरलेल्या व पसरलेल्या कर्करोगपेशी नष्ट करण्याची पद्धत १९४० च्या दशकात सुरू झाली. भारतात या कार्याला मुंबईतील परळ येथे १९६३ मध्ये स्थापन झालेल्या रेडिएशन मेडिसिन सेंटरने मोठा हातभार लावला. भाभा अणुसंशोधन केंद्राची ही शाखा टाटा स्मारक रुग्णालयाच्या शेजारीच काम करते.

ही मात्रा किती असावी? ब्रिटनमधील ४३८ आणि फ्रान्समधील ७५२ रुग्णांवरील दोन चाचण्यांचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. ३० मिलिक्युरीची मात्रा १०० मिलिक्युरीइतकीच परिणामकारक ठरली. यापुढे जाऊन फ्रान्समधील संशोधकांनी कमी धोक्याच्या ७७६ रुग्णांपैकी निम्म्यांना हे आयोडीन दिलेच नाही. तीन वर्षांनी दोन्ही गटांतील सुमारे ९६ टक्के रुग्ण सारखेच निर्वेध होते. शस्त्रक्रियेबाबतही कल तसाच आहे. ४ सेंटिमीटरपर्यंतच्या, ग्रंथीबाहेर न पसरलेल्या कर्करोगात केवळ एक खंड काढणे पुरेसे होऊ शकते, हे अमेरिकन थायरॉइड असोसिएशनने २०१५ मध्ये मान्य केले.

हा प्रश्न भारतात केवळ तात्त्विक नाही. एक खंड शिल्लक राहिला, तर अनेक रुग्णांना गोळी घ्यावी लागत नाही आणि परावटू ग्रंथींना असलेला धोका बराच कमी होतो. जिच्या गावात औषधाचे दुकान नाही आणि रक्ततपासणीसाठी जिला तालुक्याला जावे लागते, त्या स्त्रीच्या दृष्टीने हा फरक आयुष्यभराचा आहे. उलट, ज्या भागांत पिढ्यान्‌पिढ्या गलगंड पाहण्याची सवय आहे, तेथे घातक गाठीकडेही ‘ही तर नेहमीचीच’ म्हणून दुर्लक्ष होते. शहरात सोनोग्राफीत सहज दिसलेली ५ मिलिमीटरची गाठ कापली जाते, आणि दुर्गम भागातला रुग्ण श्वास अडू लागल्यावर रुग्णालयात पोहोचतो. या दोन्ही चुका एकाच देशात, एकाच वेळी घडतात.

म्हणून काही चिन्हे प्रत्येकाने ध्यानात ठेवावीत. गाठ झपाट्याने वाढणे, ती दगडासारखी टणक व न हलणारी असणे, आवाज बदलणे, गिळताना वा श्वास घेताना अडथळा होणे, मानेच्या बाजूस निराळी गाठ येणे, लहानपणी मानेवर किरणोपचार झालेले असणे किंवा कुटुंबात हा रोग असणे, यांपैकी काहीही आढळल्यास विलंब न लावता तपासणी करून घ्यावी. यांपैकी काहीच नसताना लहानशी गाठ सापडली, तर घाबरून शस्त्रक्रियेस संमती देण्यापूर्वी रुग्णाने डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात: सुईच्या तपासणीचा वर्ग कोणता आला, एकच खंड काढून भागेल काय, आणि नुसते लक्ष ठेवले तर काय होईल? या प्रश्नांना उत्तरे देण्याइतके ज्ञान आज वैद्यकाजवळ आहे, आणि ती मागण्याचा रुग्णाला अधिकार आहे.